पाठीचे दार

गावाला तोंड असते आणि पाठ असते, हे ताई वर्गात इतक्या ठामपणे सांगत की मुलींना वाटे, कोल्हापूर ताईंना विचारूनच वसले असावे. मुलींच्या हायस्कुलात त्या भूगोल शिकवीत. खंडे आणि महासागर उरकले की वर्गाला रांगेने बाहेर काढीत आणि शिवाजी पेठेतून कपिलतीर्थाच्या मंडईपर्यंत चालवीत नेत. "भाजी घेता ना इथे? तुमच्या पणज्या इथे घागरी भरायच्या. हे तळं होतं." गांधी मैदानाच्या कडेला उभे करून विचारीत, "पावसाळ्यात इथे पाणी का साठतं? कारण हेही तळंच. मातीनं बुजवलं म्हणून उतार बदलत नाही." रस्त्याला कुठेही उगाच वळण नसते, हे त्यांचे आवडते वाक्य. जिथे वळण आहे तिथे एके काळी काहीतरी आडवे होते आणि कोणीतरी ते हलवायला नकार दिला होता.

१९९३ सालच्या अशाच एका फेरीत संघप्रिया नावाच्या मुलीने हात वर केला. मुलगी हुशार होती. ताईंना हुशार मुली आवडत. फक्त त्या पुढच्या बाकावरच्या असाव्यात एवढीच त्यांची अपेक्षा असे.

"बाई, आमच्या घराची मागची भिंत आणि तुमच्या घराची मागची भिंत एकच हाय. तुमच्या रेडिओवरच्या बातम्या आमच्या चुलीपाशी ऐकू येत्यात. मग शाळेला यायला मला सगळ्या पेठेला वळसा का घालावा लागतो? मधनं एकबी बोळ कसा न्हाय?"

मुली हसल्या. प्रश्न अचूक होता. पेठेतली सर्वांत लांब सलग भिंत तीच. अलीकडे ताईंची गल्ली, पलीकडे बौद्धांची. गाव वाढत वाढत त्या वस्तीपर्यंत येऊन पोचले होते आणि तिच्याकडे पाठ करून बसले होते. हे उत्तर ताईंना ठाऊक होते. त्यांनी ते दिले नाही.

"कारण गावाला तोंड असतं आणि पाठ असते," त्या म्हणाल्या. "आणि पाठीला दार नसतं. समजलं? बस खाली."

भर रस्त्यात उभी असलेली मुलगी कुठे बसणार? मुली पुन्हा हसल्या. संघप्रिया मात्र खरोखरच गटाराच्या काठावर बसली, आणि ताईंनी रांग पुढे नेली तरी उठली नाही.

त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या पोरांचा फुटबॉल भिंतीवरून येऊन ताईंच्या जास्वंदीवर पडला. "बाई, बॉल तेवढा द्या की! माज्या जयसिंगाचा हाय," असा संघप्रियाच्या आईचा आवाज आला. ताईंनी विळीवर फुटबॉल मधोमध कापला आणि दोन्ही अर्धुके भिंतीवरून परत केली. मग गवंडी बोलावून भिंतीच्या माथ्यावर बाटल्यांच्या काचा बसवून घेतल्या.

ताईंचे घर पेठेतल्या इतर घरांसारखेच होऊन गेले होते: रुंदीला आखूड आणि लांबीला न संपणारे. वाटणी होताना प्रत्येक भावाला रस्त्याचे तोंड हवे असते, म्हणून जागा आडवी न कापता उभी कापतात, आणि पिढीगणिक घरे फितीसारखी बारीक होत जातात. ताईंच्या वडिलांनी मात्र शेवटची फीत आडवी कापली. पुढचा भाग मुलाला, त्र्यंबकला. मागच्या दोन खोल्या आणि परसू अविवाहित, कमावत्या मुलीला, रीतसर तिच्या नावावर. रस्त्यापासून मागे जाणारा बोळ कागदावर त्र्यंबकच्या हिश्श्यातच राहिला, पण वडील चारचौघांत म्हणाले, "हा ताईचा." त्याची रुंदी त्यांनी पेठेच्या रीतीने ठरवली: चौघांच्या खांद्यावरची तिरडी भिंतीला न घासता निघावी, इतकी. बोळाचाही कागद करून घे, असे ताईंना दोघातिघांनी सुचवले. सख्ख्या भावाकडून कागद करून घ्यायचा, ही कल्पनाच त्यांना अपमानाची वाटली.

त्र्यंबक गेला. त्याच्या मुलाने, वरदने, पुढच्या खोल्या पाडून दुकान घातले. शिरोलीच्या कारखान्यांना लागणारी बेअरिंगे आणि पट्टे तिथे मिळत, आणि गिऱ्हाईक उभे राहायला जागा नसे. १९९७ साली तो ताईंपुढे येऊन बसला.

"आत्या, बोळावर स्लॅब टाकली तर वर अवंतिकाला अभ्यासाची खोली होईल. खालून तुमची वाट तशीच राहील."

अवंतिका म्हणजे वरदची मुलगी. तिला अक्षरांच्या आधी नकाशे शिकवले होते ते ताईंनी. त्यांनी एका शब्दात होकार दिला. बोळाच्या तोंडाला दार मात्र त्यांनी स्वतःच्या हौसेने बसवले, सागवानी, पितळी कडीचे. जाणारे-येणारे आडोसा पाहून आत शिरत, ते त्यांना खपत नसे. अशा रीतीने छप्पर लाडापोटी आले आणि दार तोऱ्यापोटी. बोळात अंधार झाला, पण ताईंना तिथे डोळे मिटूनही चालता येत होते.

पुढे अवंतिका आर्किटेक्चरला गेली आणि शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला तिने विषय घेतला तो शिवाजी पेठ कशी घडली याचा. ताई नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना जणू पुन्हा वर्ग मिळाला. आजी आणि नात रोज सकाळी बाहेर पडत. जे बांधलेले ते काळ्या शाईने भरायचे, जे मोकळे ते पांढरे सोडायचे; मग गाव आपण होऊन बोलू लागते, असे ताई म्हणत. अडचण होती ती बोळांची. काहींवर माळे चढले होते, काहींना फाटके लागली होती. त्यांना काळे म्हणायचे की पांढरे?

"नियम कर आणि पाळ," ताई म्हणाल्या. "वर छप्पर असेल आणि तोंडाला दार असेल, तर ती वाट नव्हे, तो घराचा भाग. काळं."

तालमीच्या मागे असाच एक बोळ होता. अवंतिकाने शाई उचलली तेवढ्यात आतून चिमणाबाई बाहेर आली. डोक्यावर पाटी घेऊन गल्लोगल्ली वांगी-दोडके विकणारी म्हातारी.

"ताईआजी, पण ही इथूनच जाते-येते की."

"जाते म्हणून वाट होत नाही. छप्पर आहे? आहे. दार आहे? आहे. मग?"

चिमणाबाईने कागदावर वाकून पाहिले. "माजा बोळ बुजवला व्हय गं? मग म्या आता कुटनं जातो? आभाळातनं?"

"जा बाई कुठूनही," ताई म्हणाल्या. "तू नकाशात मावत नाहीस." आणि अवंतिका हसली. हसली हे ताईंच्या चांगले लक्षात राहिले, कारण मुलीला आपली विनोदबुद्धीही आली याचा त्यांना तेव्हा आनंद झाला होता.

नकाशाला पहिले बक्षीस मिळाले. प्रदर्शनात तो भिंतभर लावला होता. काळ्या ठिपक्यांच्या मधून पांढऱ्या गल्ल्या धावत होत्या आणि बुजलेल्या तळ्यांचे काठ गल्ल्यांच्या वळणांतून आपोआप उमटले होते. ताईंनी चष्मा पुसला आणि आपले घर शोधले. ते रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत सलग काळे होते. मध्ये एक पांढरा धागाही नव्हता.

अवंतिका शेजारी उभी होती. तिचे प्राध्यापक होते, वरद होता, त्याची बायको होती. ताईंना बोलायचे असते तर तोच क्षण होता. पण नियम त्यांचा होता, आणि आपल्या माणसासाठी नियम वाकवणाऱ्या बायकांचा त्यांनी जन्मभर तिरस्कार केला होता. त्यांनी नातीच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अचूक."

वरदने तो शब्द जपून ठेवला. त्याला रस्त्यापासून भिंतीपर्यंत चार मजली इमारत उभी करायची होती, आणि मागच्या जागेवाचून ती होत नव्हती. त्याने आधी गोडीने विचारून पाहिले. "या वयात एवढ्या मागं एकट्या कशाला, आत्या? वर फ्लॅट देतो. लिफ्ट असेल."

"मला ही जागा माझ्या बापानं दिली आहे," ताई म्हणाल्या. "तुझ्या बापानं नव्हे."

त्यावर तो उठला आणि बोळावर हक्क सांगायला गेला. भूमापनाचे साहेब पाहणीला आले. पंच आले, शेजारी गॅलऱ्यांतून वाकले. बोळ जुन्या शीटवर पुढच्याच हिश्श्यात होता. प्रश्न एवढाच उरला की तिथे वहिवाटीची वाट आहे की नाही. वरदने बक्षीसवाला नकाशा उलगडला.

"ही पाहणी माझ्या मुलीची, साहेब. आणि आत्यांनी स्वतः सगळ्यांसमोर तपासलीय. काय म्हणाला होतात, आत्या?"

साहेब सौम्य होते. "बाई, नकाशात चूक आहे का? असेल तर सांगा. मी लिहून घेतो."

ताईंनी पाहिले. अवंतिका बोळाच्या दाराशी उभी होती, त्याच सागवानी दाराशी. एका शब्दाने बोळ परत मिळत होता आणि त्याच शब्दाने मुलीचे काम खोटे ठरत होते. आणि स्वतःचे चाळीस वर्षांचे बोलणेही. हा शब्द आपण उच्चारायचा नाही, तिने उच्चारायचा, असे त्यांनी ठरवले. एवढे तिला शिकवले होते. एवढे तिने करायलाच हवे होते.

"तू सांग," त्या म्हणाल्या. "इथे वाट आहे की नाही?"

अवंतिकाने बापाकडे पाहिले नाही, ताईंकडेही पाहिले नाही. ती वर स्लॅबकडे पाहत होती, जिच्यावर तिची खोली होती.

"छप्पर आहे," ती म्हणाली. "दार आहे. ताईआजींचाच नियम आहे."

साहेबांनी लिहिले. पुढचा आठवडा उलटायच्या आत बोळात बेअरिंगांची खोकी रचली गेली आणि पितळी कडीला वरदचे कुलूप लागले.

ताईंना जायला-यायला आता दुकानातली वाट होती, म्हणजे शटर वर असेपर्यंत. "आत्या, जरा थांबा, पार्टी बसलीय," असे वरद म्हणे, आणि ज्या बाईने अख्खे वर्ग एका नजरेने थांबवले होते ती पट्ट्यांच्या भेंडोळ्यांआड पिशवी घेऊन उभी राही. दुकानातला नवा पोऱ्या एकदा म्हणाला, "मावशी, कामवाल्यांनी सकाळी लवकर जायचं." वरद हसला, त्याने त्याला दुरुस्त केले नाही. सुटीच्या दिवशी शटर खालीच असे.

"आणि शटर बंद असताना मला काही झालं तर?" ताईंनी एकदाच विचारले.

"घाबरताय कशाला? शेवटच्या दिवशी बोळ मोकळा करून देतो की. आजोबांनी मापच तसलं ठरवून ठेवलंय."

त्या दिवसापासून ताई दुकानाकडे फिरकल्या नाहीत. डब्यात होते तोवर पीठ पुरले. रेडिओचे सेल संपले, तेव्हा घर एकदम मोठे वाटू लागले. परसात जास्वंदीखाली खुर्ची टाकून त्या भिंतीकडे तोंड करून बसत. दुसरीकडे पाहण्यासारखे काही नव्हतेच.

"ओ बाई!" एका सकाळी पलीकडून आवाज आला. "बातम्या न्हाईत आल्या तुमच्या चार दिस झालं. जित्त्या हाय न्हवं?"

ताईंना खोकला आला.

"खोकलासा की आत्ता! म्हंजे हाय. ऐका, आमाला समदं कळलंय. पेठंत काय झाकून ऱ्हातंय व्हय? जयसिंगाला सांगतो, चार दगडं काढंल. इकडनं या-जावा. काय घाबरू नगा."

दुपारी भिंतीला पलीकडून शिडी टेकल्याचा आवाज झाला आणि काचांच्या वर एक चेहरा आला. तो ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. संघप्रिया आता हातकणंगल्याला कॉलेजात भूगोल शिकवीत होती; रोज रेल्वेने जाई. बोलणे पार बदलले होते, नजर तीच होती.

"आईचं ऐकलंत ना, बाई? ती मोठ्या मनाची आहे. मी नाही. दार पाडून देऊ, पण कडी आमच्या बाजूला राहील. बाहेर जायचं असेल तर हाक मारायची. उघडू."

"काय म्हणून हाक मारायची?"

"नावानं. माझ्या आईचं नाव ठाऊक आहे ना तुम्हाला? इतकी वर्षं ती या भिंतीला टेकून भाकऱ्या थापते."

ताईंनी आठवून पाहिले. पेठेतल्या बुजलेल्या प्रत्येक तळ्याचे नाव त्यांना सांगता आले असते.

"सोनूबाई," संघप्रिया म्हणाली. "सोपं आहे."

ताई खुर्चीतून उठल्या. पोट रिकामे होते, तरी आवाज वर्गातलाच निघाला. "नुसतं दार नको. हे परसू आणि या दोन खोल्या विकत घ्या. कागद माझ्या नावाचे आहेत. बाजारात जो भाव असेल तो. मी मरेपर्यंत इथे राहीन, एवढं त्यात लिहा. मग भिंत पाडा नाहीतर ठेवा."

"का?"

"वरदला इथपर्यंत इमारत आणायची आहे. ती होता कामा नये."

"म्हणजे आमच्यासाठी नाही हे."

"नाही."

"बरं झालं. उपकार असता तर आईनं घेतला नसता." संघप्रिया शिडीवरून उतरायला लागली आणि थांबली. "एक विचारते. त्या दिवशी फेरीत मी विचारलं होतं. खरं उत्तर तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला का नाही दिलंत?"

"तुला दिलं असतं तर ते सगळ्यांनी ऐकलं असतं," ताई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात खेद नव्हता; खेद त्यांना कधीच जमला नव्हता.

संघप्रियाने मान हलवली, जणू एखाद्या विद्यार्थिनीचे उत्तर अपेक्षेइतकेच निघाले होते, आणि ती खाली गेली.

कागद झाले. भिंतीला पहार जयसिंगने लावली. पहिला दगड निघाला तसा काचांचा माथा कोसळला आणि धूळ दुकानापर्यंत गेली. वरदने स्वतःच बोळाचे कुलूप काढले आणि खोकी ओलांडत मागे धावत आला.

"आत्या! कोणाला दिलंत हे? त्यांना? घराण्याचं नाव कुठं ठेवलंत?"

"नाव रस्त्याच्या बाजूला आहे, पाटीवर," ताई म्हणाल्या. "ही पाठ आहे. तुला लागत नाही."

जयसिंगने पहार खाली ठेवली. "पावणं, सरका जरा. इथं आमची भिंत यायची हाय." आणि ती आली. जुनी भिंत गेली, नवी उभी राहिली. फक्त ती आता ताईंच्या पुढ्यात होती, वरदच्या आणि त्यांच्या मध्ये. शंभर वर्षे जी फीत एका गल्लीची होती तिचा शेपटा दुसऱ्या गल्लीला जोडला गेला. वरदची इमारत दुकानाच्या मागेच थांबली. पेठेत ताईंचे नाव कोणी घेईनासे झाले. ताईंना ते ऐकून बरे वाटले. नाव न घेणे म्हणजे काय हे त्यांना चांगले माहीत होते.

पण सोनूबाईचे घरही वाढते होते. जयसिंगचे लग्न ठरले आणि परसात खोली उठली, पत्र्याच्या छपराची. ताईंची वाट त्या खोलीतून जाऊ लागली. खोलीला लोखंडी दार आले, आणि कडी, ठरल्याप्रमाणे, पलीकडे. ताई रोज सकाळी पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहत आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा स्पष्ट आवाजात म्हणत, "सोनूबाई, दार उघडा." सोनूबाई घरी असली की लगबगीने येई आणि "चा घेऊन जावा की," म्हणे. ती नसली की संघप्रिया येई, आणि तिला यायला वेळ लागे.

एके दिवशी त्या दारातून अवंतिका आत आली. ती सगळ्या पेठेला वळसा घालून आली होती. चप्पल धुळीने भरली होती. तिचा नकाशा पुस्तकात छापला जाणार होता आणि त्याआधी तो अद्ययावत करायचा होता. ती ताईंच्या पाया पडली. ताईंनी आशीर्वाद दिला की नाही ते तिला ऐकू आले नाही. तिच्यामागे दाराच्या चौकटीला टेकून संघप्रिया उभी होती.

अवंतिकाने कागद पसरला. मोडलेल्या भिंतीच्या जागी तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते.

"ताईआजी," ती हळूच म्हणाली, "पेठेतली ही एवढीच भिंत उघडली. एवढा एकच धागा आहे, या गल्लीतून त्या गल्लीकडे. मी तो पांढरा सोडते. सोडू ना?"

तिला काय द्यायचे होते हे ताईंना कळले. बोळ घेतला होता तिथे ती वाट देत होती, शाईच्या एका न काढलेल्या रेघेची. ताईंनी वर पत्र्याकडे पाहिले. लोखंडी दाराकडे पाहिले, आणि दारात उभ्या असलेल्या बाईकडे.

"नियम काय आहे?"

"ताईआजी..."

"नियम काय आहे, विचारलं."

"वर छप्पर असेल आणि तोंडाला दार असेल..."

"मग भर."

अवंतिकाने भरले; रेघेबाहेर शाई गेली नाही. तो हातही ताईंनीच घडवला होता. काम झाल्यावर संघप्रियाने पुढे होऊन कागद पाहिला, भिंतीच्या जागेवरचा ओला काळा चौकोन पाहिला आणि म्हणाली, "अचूक." मग अवंतिकाला घेऊन ती निघाली. दार लागले, पलीकडून कडी पडली.

ताईंना मंडईत जायचे होते. पिशवी खुर्चीला अडकवलेली होती. त्यांनी ती उचलली, पदर सारखा केला आणि दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सोनूबाई, दार उघडा."

"आई न्हाय घरात," आतून संघप्रियाचा आवाज आला. आज बोली घरचीच होती, लहानपणची. "थांबा, बाई."

ताई थांबल्या.